शेंगदाणा तेल, मेंदू आणि एक बंद दार

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग नेहमीपेक्षा वेगळा आहे. एरवी आपण सॉफ्टवेअर, नोकरी, पुण्यातली भाड्याची घरं यावर बोलतो. आज तेलावर बोलायचंय. तेल म्हणजे आपलं खायचं तेल. ते शरीरात, आणि खास करून मेंदूत, कापलं कसं जातं, आणि कापलं गेलं नाही तर काय होतं.

मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, कोड लिहून पोट भरतो. हा विषय मी हौसेने वाचलेला नाही. घरात आला म्हणून वाचावा लागला. त्यामुळे आधी घरातलं सांगतो, मग विज्ञान.

माझी एक मावसबहीण आहे. मी तिला ताई म्हणतो, इथेही ताईच म्हणेन. हे सगळं तिला विचारून सांगतोय. तिचा मोठा मुलगा दुसरीत होता तेव्हा शाळेतून तक्रार यायला लागली. लक्ष देत नाही, बाईंनी सांगितलेलं ऐकूनच घेत नाही, अक्षर बिघडलंय. घरच्यांनी आधी मोबाइलवर खापर फोडलं. मग कान तपासले, कान उत्तम. मग डोळे तपासले, चष्म्याचा नंबर बदलला. मग कुणीतरी म्हणालं, पोरगं चंचल आहे, मोठा झाला की सुधारेल. यात सात-आठ महिने गेले. एक दिवस तो चालताना दाराच्या चौकटीला धडकला, पुन्हा धडकला, आणि मग एमआरआय झाला. मेंदूच्या मागच्या भागातला पांढरा पदार्थ दोन्ही बाजूंनी खराब झालेला. रक्ताची एक खास तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं: अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी. डॉक्टर लोक ‘एएलडी’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आता यात तेल कुठे आलं? तर रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की रक्तात ‘अति-लांब साखळीची मेदाम्लं’ वाढली आहेत. मेदाम्ल म्हणजे फॅटी अ‍ॅसिड, म्हणजे तेलातुपातला मुख्य घटक. एवढं वाचलं आणि सगळं गणगोत तेलावर तुटून पडलं. ताई गरोदर असताना शेंगदाणे फार खायची म्हणे. भरितावर कच्चं तेल ओतून घ्यायची. मुलाला डालड्यातले पदार्थ दिले. एका जाणकार म्हणवणाऱ्याने सांगितलं, घरातून तेल बंद करा. ताईने बंद केलं. आठ महिने त्या घरात तेलाचा थेंब नव्हता. खानदेशातलं घर, आणि शेवभाजी नाही, भरीत नाही, पाण्यात शिजवलेल्या भाज्या. आणि प्रत्येक जेवणाला तिच्या मनात एकच, की हे मी केलं.

मी दिवाळीला अमळनेरला आलो तेव्हा तिने मला विचारलं, ‘तू इंजिनियर आहेस ना, खरं सांग, माझ्या खाण्यामुळे झालं का?’ मला उत्तर माहीत नव्हतं. आज माहीत आहे. ते उत्तर म्हणजे हा भाग.

सुरुवात अमळनेरपासूनच करू. आपल्या गावाचं आणि तेलाचं नातं जुनं आहे. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी इथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. आज लोकांना विप्रो म्हटलं की कॉम्प्युटर आठवतो, पण कंपनी सुरू झाली ती वनस्पती तूप बनवायला. (नाही, मी तिथे नोकरीला नाही, दर वेळी विचारता म्हणून सांगून टाकतो.) वनस्पती तूप बनवायचं म्हणजे काय? तेल तापवायचं, त्यात निकेलची पूड घालायची आणि दाबाखाली हायड्रोजन वायू सोडायचा. तेलाच्या रेणूत काही ठिकाणी कार्बनचे दुहेरी जोड असतात, त्यामुळे साखळीला बाक येतो आणि तेल पातळ राहतं. हायड्रोजनने ते जोड भरले की साखळी सरळ होते, सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि पातळ तेलाचं घट्ट तूप होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. या कारखान्यात साखळी सरळ होते, पण तिची लांबी बदलत नाही. १८ कार्बनची साखळी १८ चीच राहते. वनस्पती तुपावर दुसरे आरोप आहेत, ट्रान्स फॅटचे, आणि ते खरे आहेत. पण ताईच्या मुलाच्या रिपोर्टमधली साखळी २६ कार्बनची होती. ती डालड्याच्या डब्यातून आलेली नव्हती.

मग शेंगदाण्यातून आली का? शेंगदाण्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅराकिस. २० कार्बनच्या एका मेदाम्लाचं नावच अ‍ॅराकिडिक आम्ल आहे, शेंगदाण्यावरून ठेवलेलं. शेंगदाणा तेलात २०, २२ आणि २४ कार्बनच्या सरळ साखळ्या मिळून साधारण पाच-सहा टक्के असतात. बाकीच्या रोजच्या तेलांपेक्षा हे प्रमाण जास्तच आहे. म्हणजे नातेवाइकांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. पण संशय असणं वेगळं आणि दोष सिद्ध होणं वेगळं. त्यासाठी या साखळ्या शरीरात कापल्या कशा जातात ते बघावं लागेल.

हे शोधलं कसं, ते मला फार आवडतं, कारण ते आपल्या डीबगिंगसारखं आहे. १९०४ साली फ्रान्झ क्नूप नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने कुत्र्यांना मेदाम्लं खाऊ घातली, पण साखळीच्या शेपटाला एक रासायनिक खूण बांधून. खूण अशी की शरीराला ती मोडता येत नाही. मग लघवीत खूण कशाला चिकटून बाहेर येते ते पाहिलं. साखळीतल्या कार्बनची संख्या सम असली तर एक पदार्थ मिळायचा, विषम असली तर दुसरा. साखळी लांब असो की आखूड, फक्त सम-विषमाने फरक. याचा अर्थ एकच निघतो: शरीर साखळी दोन-दोन कार्बनने कापतं. आपण कोडमध्ये मध्येच प्रिंट टाकून बघतो ना आत काय चाललंय, तसंच.

म्हणजे हा एक लूप आहे. साखळी शिल्लक आहे तोवर दोन कार्बन काप, तुकडा पुढे दे, पुन्हा सुरुवातीला ये. प्रत्येक फेरीत चार कामं. पहिल्या एन्झाइमने साखळीत दुहेरी जोड तयार करायचा, दुसऱ्याने तिथे पाणी जोडायचं, तिसऱ्याने पुन्हा हायड्रोजन काढायचा, चौथ्याने खटकन दोन कार्बन तोडायचे. एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात आपण विकर म्हणायचो. १८ कार्बनच्या साखळीला आठ फेऱ्या लागतात आणि नऊ तुकडे होतात. २६ कार्बनच्या साखळीला बारा फेऱ्या, तेरा तुकडे. या सगळ्याला बीटा-ऑक्सिडेशन म्हणतात.

हे काम बहुतेक वेळा पेशीच्या वीजघरात होतं, मायटोकाँड्रियात. पुस्तकी शब्द तंतुकणिका. स्नायू, हृदय, यकृत या मार्गाने भरपूर ऊर्जा मिळवतात. मेंदू मात्र या बाबतीत फार हात आखडता घेतो.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण विश्रांतीत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतली जवळपास वीस टक्के एकटा मेंदू खातो. एवढा खादाड अवयव, आणि तो स्वतः कोरडं वजन धरलं तर निम्म्याहून जास्त मेदाचा बनलेला. तरी इंधन म्हणून तो मुख्यतः ग्लुकोज घेतो. लांब उपास पडला तर यकृत चरबी मोडून कीटोन तयार करतं आणि मेंदू ते वापरतो, पण लांब मेदाम्लं सरळ जाळायला तो फारसा तयार नसतो. १९८७ साली उंदरांच्या मेंदूवर झालेल्या कामात एक कारण दिसलं: त्या चार एन्झाइमांपैकी शेवटचं, तोडणारं, थायोलेज, मेंदूत फार मंद आहे. लूपमधली एक पायरी मंद असली की अख्खा लूप मंद. जे काही मेदाम्ल मेंदूत जळतं ते बरंचसं अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशींत, विचार करणाऱ्या न्यूरॉनमध्ये नाही. आणि हे शहाणपणाचंच आहे. मेद जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि त्यातून पेशीला इजा करणारे पदार्थही निघतात. न्यूरॉन ही एकदा गेली की सहसा परत न मिळणारी वस्तू. तिथे धुराची चूल पेटवू नये.

मग मेंदूला मेद कशाला लागतो? बांधकामाला. मेंदूत तारा असतात, तारांवर वेष्टण असतं, मायलिन. विजेच्या वायरवर प्लॅस्टिक असतं तसं, म्हणजे निरोप भरभर जातो आणि मध्ये गळत नाही. या वेष्टणात २४ कार्बनच्या लांब साखळ्या मुद्दाम वापरलेल्या असतात. लिग्नोसेरिक आम्ल हे त्यातलं एक. नावाचा अर्थ लाकूड आणि मेण. म्हणजे शेंगदाणा तेलात अगदी थोडी सापडणारी २४ ची साखळी तुमच्या-माझ्या मेंदूत आधीपासून आहे, आणि असायलाच हवी.

ती येते कुठून? इथे ताईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. शरीर ती स्वतः बनवतं. १६ किंवा १८ ची साधी साखळी घ्यायची आणि दोन-दोन कार्बन जोडत लांब करायची. एका बाजूला कापणारी टोळी, दुसऱ्या बाजूला जोडणारी टोळी. बांधकाम चालू असतं, जुनं पाडणंही चालू असतं. दोन्हींचा मेळ बसला की घर नीट राहतं.

आता पाडकामाकडे. २२ कार्बनच्या पुढची लांब साखळी तंतुकणिकेत नीट कापली जात नाही. तिच्यासाठी पेशीत वेगळी छोटी पिशवी आहे, पेरॉक्सिसोम. तिथे कापण्याची पद्धत तीच, पण पहिलं एन्झाइम वेगळं. ते हायड्रोजन काढून थेट ऑक्सिजनला देतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, जखमेवर टाकल्यावर फेस येतो ते. शेजारीच कॅटलेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं, ते लगेच त्याचं पाणी करून टाकतं. साखळी आठेक कार्बनपर्यंत आखूड झाली की पेरॉक्सिसोम तिला तंतुकणिकेकडे पाठवतो, पुढचं ती बघते. मोठं लाकूड आधी वखारीत चिरायचं आणि मग छोटे तुकडे चुलीत घालायचे, तसं.

ही गोष्ट कळायलाही वेळ लागला. १९७६ साली एएलडीने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत २६ च्या आसपासच्या साखळ्या प्रमाणाबाहेर साठलेल्या दिसल्या. १९८१ मध्ये बाल्टिमोरमधल्या ह्यूगो मोझर यांच्या गटाने त्या रक्तात मोजायची पद्धत बसवली. १९८४ मध्ये इंदरजित सिंग आणि मोझर यांच्या गटाने दाखवलं की २४ ची साखळी पेरॉक्सिसोममध्येच कापली जाते, आणि एएलडीमध्ये नेमकं तिथेच काम अडतं.

मग सगळ्यांना वाटलं, एन्झाइम बिघडलंय. साहजिक आहे. एखादं काम होत नसेल तर आपण काम करणाऱ्याकडेच बोट दाखवतो. साखळी कापायच्या आधी तिला एक मूठ लावावी लागते, ती मूठ लावणाऱ्या एन्झाइमवर संशय होता. १९९३ साली फ्रान्समधल्या गटाला जनुक सापडलं आणि सगळे चकित झाले. ते कापणाऱ्या किंवा मूठ लावणाऱ्या एन्झाइमचं जनुक नव्हतंच. ते दाराचं जनुक होतं. पेरॉक्सिसोमच्या भिंतीत एक दार असतं, त्यातून लांब साखळी आत घेतली जाते. जनुकाचं नाव एबीसीडी-१. वखारीत करवत धारदार, कामगार हजर, पण फाटकच उघडत नाही. लाकडाच्या गाड्या बाहेर रांगेत उभ्या.

आमच्या धंद्यातले लोक हे लगेच ओळखतील. फंक्शन बरोबर आहे, टेस्ट पास होतायत, पण विनंती तिथपर्यंत पोचतच नाही आणि रांग फुगत जाते. आपण तासन् तास फंक्शन वाचत बसतो आणि चूक दरवाजात असते.

आणि रांग फुगली की काय होतं? दाराबाहेर अडकलेल्या २४ च्या साखळ्यांना जोडणारी टोळी आणखी दोन कार्बन जोडते, २६ होतात. अशा साखळ्या पेशींच्या पातळ पडद्यांत नीट बसत नाहीत, पडदे कमजोर करतात. दोन ठिकाणी सर्वांत जास्त नुकसान होतं. एक, मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी. दुसरं, मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन. काही मुलांमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच या मायलिनवर तुटून पडते, आणि मग महिन्या-महिन्याने मूल हातातून जायला लागतं.

आता तेलाचा प्रश्न निकाली काढू. १९८० च्या दशकात डॉक्टरांनी हेच करून पाहिलं होतं. या मुलांच्या जेवणातून लांब साखळ्या जवळपास काढून टाकल्या. शेंगदाणेही गेले. रक्तातली पातळी खाली आली नाही. कारण साखळ्या मुख्यतः ताटातून येतच नव्हत्या, शरीर स्वतः बनवत होतं. म्हणजे ताईने आठ महिने जे केलं ते जगात आधीच करून झालं होतं, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं होतं. फक्त ते तिला कुणी सांगितलं नाही.

मग ओदोने नावाच्या इटालियन-अमेरिकन जोडप्याने उलटा विचार केला. त्यांच्या लोरेन्झो नावाच्या मुलाला १९८४ मध्ये हा आजार निघाला. दोघंही डॉक्टर नव्हते. ग्रंथालयात बसून त्यांनी वाचलं. येणारा माल थांबवून उपयोग नाही, तर जोडणाऱ्या टोळीलाच दुसऱ्या कामाला लावा. एक बाक असलेली साखळी भरपूर दिली की जोडणारं एन्झाइम तिच्यात गुंततं आणि घातक सरळ साखळ्या कमी बनतात. त्यातून तयार झालं ‘लोरेन्झोचं तेल’: ऑलिव्ह तेलात असतं ते ओलेइक आम्ल आणि मोहरीच्या जातीच्या तेलात असतं ते इरुसिक आम्ल, चारास एक या प्रमाणात. गंमत बघा, इरुसिक आम्ल स्वतः २२ कार्बनचं. लांब साखळीला लांब साखळीनेच अडवलं. यावर १९९२ मध्ये सिनेमाही निघाला. रक्तातली पातळी खरोखर खाली आली. पण सिनेमा जिथे संपतो त्याच्या पुढचं सांगणं भाग आहे: मेंदूची लक्षणं एकदा सुरू झाल्यावर या तेलाने आजार थांबत नाही. लोरेन्झो २००८ साली, तिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी गेला. कुणी तुम्हाला इंटरनेटवरून हे तेल मागवून रामबाण म्हणून विकत असेल तर एवढं लक्षात ठेवा.

तुलनेसाठी एकच दुसरा आजार सांगतो, म्हणजे ‘खाण्यामुळे झालं’ हे कधी खरं असतं ते कळेल. रेफसम नावाचा आजार आहे. त्यात फायटॅनिक आम्ल साठतं. त्या साखळीला मध्येच एक फांदी असते, त्यामुळे दोन-दोनने कापता येत नाही, आधी एक कार्बन काढून घ्यावा लागतो. ते एक कार्बन काढणारं एन्झाइम नसलं की ती साठते. पण फायटॅनिक आम्ल माणसाचं शरीर बनवत नाही, ते दूध-तूप, गुरांचं मांस, मासे यांतूनच येतं. म्हणून तिथे पथ्य हाच मोठा उपचार आहे. एकात पथ्याने मोठा फरक पडतो, दुसऱ्यात पथ्य आई-बापाला फक्त शिक्षा. दोन्ही रिपोर्टवर ‘मेदाम्ल वाढलंय’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून नुसतं ते वाक्य वाचून घरातलं तेल बंद करायचं नसतं.

आता दुसरा आरोप. तेल सुटलं तर लोक आईकडे वळतात. एबीसीडी-१ हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाला एकच एक्स मिळतो, तो आईकडून. म्हणून लोक म्हणतात, ‘आईकडून आलं’. गणित म्हणून बरोबर आहे. पण आईकडे दोन एक्स असतात, त्यातला कुठला जाईल हे नाणेफेक आहे. प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता, प्रत्येक मुलीला अर्धी. आणि आईकडे तो कुठून आला? तिच्या आईकडून किंवा तिच्या वडिलांकडून. वडिलांना आजार असेल तर त्यांच्या सगळ्या मुलींना तो एक्स मिळतो, कारण त्यांच्याकडे द्यायला दुसरा एक्स नसतो. आणि मुलग्यांना एकालाही नाही, कारण मुलग्यांना ते वाय देतात.

हे वाचताना मी थांबलो. कारण ताईची आई आणि माझी आई सख्ख्या बहिणी. आमचे आजोबा चाळिशीनंतर काठी घेऊन चालायचे. पाय ताठ व्हायचे. सगळे ‘वात आहे’ म्हणायचे. एएलडी मोठ्या माणसात बऱ्याचदा असाच येतो, मज्जारज्जूचा, पायांत हळूहळू ताठरपणा. आजोबा आता नाहीत, तपासता येणार नाही. पण मावशीची जनुक तपासणी झाली, बदल सापडला. मग माझ्या आईची झाली, तिच्यातही सापडला. आईचे पाय गेली काही वर्षं आखडतात, आम्ही वयावर ढकलत होतो. वाहक स्त्रियांना काही होत नाही असं पूर्वी समजायचे. ते खरं नाही. वय वाढेल तसा बहुतेकींना हा त्रास थोडाफार होतो.

उरलो मी. नाणेफेक. रक्त देऊन पुण्याला परत आलो आणि रिपोर्ट येईपर्यंत ऑफिसात बसून काय कोड लिहिला देव जाणे. रिपोर्ट नॉर्मल आला. मला वाईट वाटतंय की मला बरं वाटलं, पण आलं ते सांगतो. मामांकडे कुणालाच काही नाही, ते गणिताप्रमाणेच.

सर्वांत महत्त्वाचं आता. ताईचा धाकटा मुलगा. मोठ्याचं निदान झालं तेव्हा तो तीन वर्षांचा होता, हसता-खेळता. त्याची तपासणी करायची की नाही यावर घरात वाद झाला. ‘कशाला बघायचं, जे व्हायचं ते होईल.’ ताईने ऐकलं नाही. रक्त तपासलं. त्यालाही आहे.

त्याचा मेंदूचा एमआरआय आज स्वच्छ आहे. एएलडी असलेल्या प्रत्येक मुलाचा मेंदू लहानपणी जातोच असं नाही, साधारण तिघांत एकाला तसं होतं. कुणाला होईल हे जनुक पाहून सांगता येत नाही, एकाच घरात, एकाच बदलाचे दोन भाऊ वेगळे निघतात. म्हणून नियमित एमआरआय करत राहायचा. डाग दिसला, पण मूल अजून ठणठणीत आहे, तीच वेळ बोन मॅरो प्रत्यारोपणाची. दात्याच्या रक्तपेशींपैकी काही मेंदूत जाऊन वसतात, त्यांच्याकडे चालू दार असतं, आणि आजार थांबू शकतो. पण परिणाम दिसायला कित्येक महिने लागतात, तोवर नुकसान चालूच. म्हणून उशीर झालेल्या मुलाला प्रत्यारोपणाचा उपयोग होत नाही. मोठ्याच्या बाबतीत हेच झालं. तो आज अंथरुणावर आहे, नळीने दूध घेतो, ताईचा आवाज आला की मान वळवतो.

आणि धाकट्याची एक गोष्ट तर लगेच सापडली. त्याचं कॉर्टिसॉल कमी होतं. मघाशी म्हटलं ना, अ‍ॅड्रिनल ग्रंथी. ती दमली की मूल थकतं, उलट्या होतात, खारट खायला मागतं, आणि कातडी काळवंडते, हिरड्या, हाताच्या रेषा, कोपरसुद्धा. मोठा भाऊ शाळेची तक्रार यायच्या आधी दोन वर्षं असाच काळा पडत होता. आमची आजी म्हणायची, ‘उनमा खेयस ना तो, काया पडावच.’ खानदेशातलं ऊन, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला, कुणाला शंका येणार? ती पहिली खूण होती. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीने ही कमतरता भरून निघते, गोळी महाग नाही. मात्र ताप आला, ऑपरेशन असलं की डोस वाढवावा लागतो, नाहीतर जिवावर बेततं. ताईने शाळेच्या दप्तरात चिठ्ठीच ठेवली आहे.

पैशाचं बोलू. अमेरिकेत जनुक उपचाराला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, किंमत ३० लाख डॉलर, आणि पुढे काही मुलांना त्यातून रक्ताचा कर्करोग झाला. ते आपल्यासाठी सध्या दूरचं आहे. जवळचं हे: आपल्या सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात एएलडीचं नाव आहे, पहिल्या गटात, आणि शब्द असे आहेत की सुरुवातीच्या टप्प्यात, मेंदूची ठळक लक्षणं येण्यापूर्वी. त्यासाठी निवडलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र. म्हणजे मदतसुद्धा त्यालाच, जो वेळेत पोचला. अमेरिकेत २०१६ पासून हा आजार नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांत आहे. आपल्याकडे सरसकट तपासणी नाही. आपल्याकडे तपासणी म्हणजे घरातला पहिला मुलगा. हे बोलायला फार कडू आहे, पण तसंच आहे. पहिला कळला तर निदान मावशा, आत्या, भाचे, चुलत-मावस पोरं यांना तरी कळू द्या. लपवू नका.

तर काय लक्षात ठेवायचं? मुलाची शाळेतली वागणूक अचानक बिघडली, ऐकू येऊनही समजेनासं झालं, अक्षर आणि चाल बिघडली, तर नुसतं रागावू नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मुलगा कारणाशिवाय काळवंडत असेल, थकत असेल, तर कॉर्टिसॉल तपासा, आणि मुलाला अ‍ॅडिसन्स निघालं तर अति-लांब मेदाम्लांची तपासणी मागून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे. बाईची तपासणी असेल तर नुसत्या मेदाम्लांवर विसंबू नका, वाहक स्त्रियांत ती कधी कधी नॉर्मल येते, जनुक बघावं लागतं.

ताईला मी हे सगळं अमळनेरला, तिच्या ओट्यावर बसून सांगितलं. वहीत चित्र काढून. साखळी, पिशवी, दार. ती बराच वेळ दाराच्या चित्राकडे बघत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे करवत चांगली होती.’ मी म्हटलं, हो ताई, करवत चांगली होती. शेंगदाणेही चांगले होते.

संध्याकाळी तिने भरीत केलं. तेल घातलं. धाकट्याने दोनदा मागून खाल्लं.

पुढच्या भागात पुन्हा आपला नेहमीचा विषय. तोवर काळजी घ्या, आणि हा भाग तुमच्या ओळखीतल्या एखाद्या शिक्षकाला किंवा अंगणवाडीताईंना नक्की पाठवा. भेटू.